वेग आणि वेसण

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘शर्यतीची गाडी हाकणाऱ्या माणसाचे मन’ असा विषय सांगितला. चालक मंडळी क्षणभर गप्प झाली. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, वेतनकरारावर बोलावे, फार तर गिरणी संपाच्या इतिहासावर बोलावे. मोटारींच्या शर्यती हा श्रीमंतांचा षोक, त्याच्याशी याचा काय संबंध, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यांवर उमटला होता. तो प्रश्न तुमच्याही मनात असेल. व्याख्यान संपेपर्यंत त्याचे उत्तर मिळाले नाही, तर दोष आमचा.

आमची पात्रता फार नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि आगारांबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर झाले. गेली तीस वर्षे आमचा बहुतेक काळ गाडी हाकणाऱ्या माणसांत गेला: बसवाले, मालमोटारवाले, टँकरवाले. शर्यतीच्या हाक्यांची ओळख मात्र पुस्तकांतून झाली, आणि ती वाचताना आम्हांस वारंवार आमचीच माणसे आठवत गेली.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याचे निमित्त आपल्या खडकवासल्याचेच आहे. रविवारी संध्याकाळी आपल्या रस्त्यावर काय चालते, ते तुम्हांस सांगावयास नको. शहरातली पोरे मोटारसायकली घेऊन धरणाच्या काठी येतात, भजी आणि कणसे खातात, आणि अंधार पडला की परतीच्या वाटेवर शर्यत लावतात. गेल्या वर्षी त्यांतल्या एकास आम्ही थांबवून विचारले, “बाळा, एवढ्या गर्दीतून इतक्या वेगाने जातोस, भीती वाटत नाही?” तो हसून म्हणाला, “काका, कॉन्फिडन्स पाहिजे!” आणि गेला. तो मुलगा काही वाईट नव्हता. पण त्याचा तो शब्द आमच्या मागे लागला. आत्मविश्वास म्हणजे काय? तो येतो कोठून? आणि ज्यांचा धंदाच शर्यतीचा आहे, त्यांच्या मनात तो कसा नांदतो?

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. कर्णपर्वातील शल्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. शल्य हा अश्वविद्येत निष्णात. कर्णाने सारथी म्हणून त्यालाच मागून घेतले. परंतु युधिष्ठिराने आधीच त्याच्याकडून वचन घेतले होते, की रथ हाकताना कर्णाचा तेजोवध करावयाचा. त्याप्रमाणे शल्य घोडे उत्तम हाकीत राहिला आणि तोंडाने कर्णास घालून पाडून बोलत राहिला. रथ तोच, घोडे तेच, धनुष्य तेच. परंतु शेजारी बसलेला माणूस आपला नव्हता. महाभारतकारांनी येथे एक मर्माची गोष्ट सांगून ठेवली आहे: माणसाचा आत्मविश्वास त्याच्या एकट्याच्या छातीत राहत नाही, त्याचा बराच भाग शेजारच्याच्या जिभेवर असतो. हे सूत्र ध्यानात ठेवावे. पुढे ते लागणार आहे.

आता पुराणातून आपल्या जिल्ह्यात येऊ. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्यात, यात्रेच्या दिवशी बैलगाडा घाटात पळतो. आम्ही लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून हे घाट पाहिले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो: सातारा-सांगलीकडे अनेक छकडे एकाच वेळी सुटतात आणि शेजारचा गाडीवान डोळ्यांना दिसत असतो. आपल्या घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. तिला ‘बारी’ म्हणतात. पुढे घोडी धावते, मागे बैल, आणि निशाण पडले की सेकंदांचा हिशोब सुरू होतो. म्हणजे प्रतिस्पर्धी समोर नसतोच. तो घड्याळात असतो. गाडामालक बारी झाल्यावर पहिल्याने शेजाऱ्याकडे पाहत नाही, घड्याळवाल्याकडे पाहतो. ही आमच्या मते स्पर्धेची अधिक कठीण जात आहे. शेजारी अडखळला म्हणून येथे कोणी जिंकत नाही.

या शर्यतींचा अलीकडचा इतिहासही मनन करण्यासारखा आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टू आणि आपल्याकडील बैलगाडा शर्यती यांवर बंदी घातली. कारण उघड होते. बैलास चाबकाने फोडणे, पराणी टोचणे, विजेचा झटका देणे, हे प्रकार चालत होते आणि ते आम्ही स्वतः पाहिले आहेत. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. त्या अटींतील मुख्य अट अशी, की जनावरास मारावयाचे नाही, टोचावयाचे नाही. पुष्कळ जण तेव्हा म्हणाले, की चाबूक गेला, आता शर्यतीत राम राहिला नाही. परंतु घाट पुन्हा भरले. ज्याने वर्षभर बैलास खाऊ-पिऊ घातले, पोहणी लावली, नावाने हाक मारली, त्याच्याच बैलाला आता पळण्याचे कारण उरले. चाबकाने मिळणारा वेग आणि विश्वासाने मिळणारा वेग यांतला फरक आपल्या शेतकऱ्यास न्यायालयाने शिकविला असे नव्हे; तो त्यास ठाऊकच होता, फक्त स्पर्धेच्या भरात विसरला होता.

बैलांची गोष्ट येथे ठेवून आता मोटारीकडे वळू. कारण शर्यतीच्या हाक्याविषयी आज जी कल्पना लोकांच्या डोक्यात आहे, ती मोटारीने घडविली आहे.

१८९५ सालच्या जून महिन्यात पॅरिसहून बोर्दो आणि परत पॅरिस अशी सुमारे बाराशे किलोमीटरांची शर्यत झाली. एमिल लव्हासोर नावाच्या फ्रेंच कारखानदाराने ती ४८ तास ४८ मिनिटांत पुरी केली. त्याच्या बदली हाक्याने वाटेतील एका गावी थांबून राहावयाचे ठरले होते. लव्हासोर वेळेच्या फार आधी तेथे पोहोचला, तो बदली माणूस गाढ झोपलेला. त्यास न उठविता हा तसाच पुढे निघाला आणि जवळजवळ सारी शर्यत त्याने एकट्यानेच हाकली. गंमत अशी, की पहिले बक्षीस त्यास मिळाले नाही, कारण त्याच्या गाडीस चार बैठकी असाव्यात त्या दोनच होत्या. परंतु जगाने बक्षीस विसरून माणूस लक्षात ठेवला. एकटा, निद्रेवर विजय मिळविणारा, कोणाची गरज नसलेला असा हाक्या: ही मूर्ती तेव्हापासून घडली. पुढच्याच वर्षी शर्यतीत त्यास अपघात झाला आणि त्याच दुखण्याने १८९७ साली तो वारला, हे मात्र लोक विसरले. १९०३ सालची पॅरिस-माद्रिद शर्यत तर माणसे मेल्यामुळे बोर्दोलाच थांबवावी लागली. १९५५ साली फ्रान्समधील ल माँ येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. एकट्या वीराच्या त्या मूर्तीस एवढे बळी पडले.

खरे मोठे हाक्ये मात्र या मूर्तीसारखे नव्हते. अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फांजिओ याचे उदाहरण घ्या. गरीब घरचा, लहानपणापासून गॅरेजात राबलेला हा कारागीर पुढे पाच वेळा जगज्जेता झाला. १९५० साली मोनॅकोच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत समुद्राच्या लाटेने रस्ता ओला झाला आणि वळणाच्या पलीकडे अनेक मोटारी एकमेकींवर आदळल्या. फांजिओ सर्वांत पुढे होता. दुसऱ्या फेरीत तो त्याच वळणाकडे भरधाव येत होता आणि पलीकडचे त्यास काही दिसत नव्हते. परंतु एक गोष्ट त्याच्या नजरेने टिपली. प्रेक्षक त्याच्याकडे पाहत नव्हते. पहिल्या क्रमांकाची मोटार येत असता लोकांची तोंडे दुसरीकडे वळलेली, म्हणजे पुढे काहीतरी घडले आहे, हे ताडून त्याने वेग आवरला, अडथळ्यातून वाट काढली आणि शर्यत जिंकली. श्रोतेहो, हा आत्मविश्वास पाहा. ‘मी आहे तर काय होणार आहे’ असे तो म्हणत नाही. शेकडो परक्या माणसांच्या माना कोणीकडे वळल्या आहेत, याकडे त्याचे लक्ष आहे. आपल्या रविवारच्या मुलाच्या ‘कॉन्फिडन्स’ने डोळ्यांवर झापड येते, फांजिओच्या आत्मविश्वासाने डोळे उघडे राहतात.

कोणी म्हणेल, हे सारे परदेशी वीरांचे आणि पुरुषी धाडसाचे पोवाडे झाले. तसे नाही. आपल्या पुण्याच्या डायाना पंडोल यांनी २०२४ साली चेन्नईजवळच्या धावपट्टीवर पुरुषांच्या बरोबरीने मोटार हाकून सलून गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. मोटारशर्यतीत असे अजिंक्यपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या दोन मुलांच्या आई आहेत आणि पूर्वी शिक्षिका होत्या. मनगटाचा जोर आणि मिशीचा पीळ म्हणजे आत्मविश्वास, ही समजूत या एका उदाहरणाने निकालात निघावी. मुंबईचा जहान दारूवाला हा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये बाहरीनमधील शर्यत जिंकून फॉर्म्युला टू या वर्गात विजयी होणारा पहिला भारतीय ठरला. २०११ साली एका शर्यतसंघाने देशभर मुलांची निवड केली होती, तीत तो निवडला गेला होता. त्या निवडीचे नाव ‘अब्जातून एक’ अशा अर्थाचे होते. दारूवालाचे आम्हांस कौतुकच आहे. पण कामगाराच्या कानास ते नाव खटकते. अब्जातून एक निवडला, ठीक. उरलेल्या अब्जाने काय करावयाचे? टाळ्या वाजवावयाच्या?

स्पर्धेविषयी आमची मुख्य तक्रार ही आहे, आणि मुख्य प्रश्नही हाच आहे. शर्यतीच्या जगात असे मानतात, की आपल्याच चमूतला सोबती हा आपला पहिला प्रतिस्पर्धी. कारण त्याच्याजवळ तीच मोटार असते, हरलो तर सबब सांगावयास जागा राहत नाही. हे वाचले तेव्हा आम्हांस आमचे कारखाने आठवले. तेच यंत्र, तीच पाळी, शेजारचा एक नग जास्त काढतो, आणि दोघांचे वैर सुरू होते. मालकास चाबूक उचलावाच लागत नाही. मग प्रश्न असा, की इतके हाडाचे प्रतिस्पर्धी असलेले लोक एकत्र येऊ शकतात काय? आम्ही समजत होतो, की नाही. इतिहास सांगतो, की आले.

१२ जून १९६६. बेल्जियममधील स्पा येथील शर्यत. पहिल्याच फेरीत पावसाने गाठले आणि स्कॉटलंडच्या जॅकी स्ट्युअर्टची मोटार रस्ता सोडून कोसळली. तो आत अडकला आणि फुटलेल्या टाकीचे पेट्रोल त्याच्या अंगावर गळत राहिले. एक ठिणगी पुरली असती. त्यास कोणी सोडविले? त्याच्याच चमूतला ग्रॅहॅम हिल, म्हणजे तोच तो ‘पहिला प्रतिस्पर्धी’, आणि बॉब बाँड्युरंट हा दुसरा हाक्या. या दोघांच्याही मोटारी त्याच पावसात घसरून थांबल्या होत्या. चाक काढल्याशिवाय त्यास बाहेर काढता येईना आणि हत्यार तर कोणाजवळच नाही. अखेर एका प्रेक्षकाच्या गाडीतून पाना मागून आणला. सुमारे पंचवीस मिनिटे तो पेट्रोलात भिजत पडून होता. पुढे प्रत्येक शर्यतीत स्ट्युअर्ट आपल्या सुकाणूच्या चाकापाशी एक पाना बांधून ठेवीत असे.

पण तो पाना बांधून गप्प बसला नाही. हाक्यांची संघटना १९६१ सालीच मोनॅको येथे स्थापन झाली होती आणि स्टर्लिंग मॉस हा तिचा पहिला अध्यक्ष होता. या संघटनेमार्फत स्ट्युअर्टने मागण्या लावून धरल्या: धावपट्टीच्या कडेस कठडे पाहिजेत, डॉक्टर पाहिजे, आग विझविण्याची साधने पाहिजेत, पट्टे पाहिजेत. त्यास लोक भित्रा म्हणाले. शर्यतीतला पराक्रम यास संपवावयाचा आहे, असे वर्तमानपत्रांत लिहून आले. हा ‘भित्रा’ मनुष्य १९६९, १९७१ आणि १९७३ असा तीनदा जगज्जेता झाला. १९६९ साली हाक्यांच्या मागण्या मान्य झाल्या नाहीत म्हणून स्पाची शर्यत रद्द झाली. १९७० साली जर्मनीतील शर्यत न्यूरबुर्गरिंगहून दुसरीकडे हलवावी लागली. ज्यांचे सारे आयुष्य एकमेकांस मागे टाकण्यात गेले, त्यांनी एकमेकांचा हात धरून धावपट्ट्या बदलून घेतल्या.

आत्मविश्वासाची परमावधी आम्हांस दिसली ती मात्र ऑस्ट्रियाच्या निकी लाउडात. १ ऑगस्ट १९७६ रोजी त्याच न्यूरबुर्गरिंगवर त्याची मोटार पेटली. चेहरा भाजला, विषारी धूर फुप्फुसात गेला, धर्मगुरूने अंतिम संस्काराचे मंत्र म्हटले. सहा आठवड्यांनी, जखमांवर पट्ट्या बांधून, तो मोंझाच्या शर्यतीत उतरला आणि चौथा आला. येथपर्यंतची गोष्ट सर्वांस आवडते. पुढची थोड्यांस आवडते. २४ ऑक्टोबरला जपानमध्ये फुजी येथे वर्षातील शेवटची शर्यत होती. जगज्जेतेपद हाताशी आले होते. पाऊस असा, की पुढची मोटार दिसत नव्हती. दोन फेऱ्या झाल्यावर लाउडाने मोटार बाजूस आणली आणि तो उतरला. यंत्रात बिघाड झाला असे आपण सांगू, असे त्याच्या चमूतील तंत्रज्ञाने त्यास सुचविले, असे सांगतात; त्याने नकार दिला. अट्टल प्रतिस्पर्धी जेम्स हंट एका गुणाने जगज्जेता झाला. लाउडाने पुढे १९७७ आणि १९८४ साली पुन्हा ते पद मिळविले, ही गोष्ट वेगळी. मिळविले नसते तरी आमचे मत बदलले नसते. आगीतून उठून मोटारीत बसावयास जेवढे मन लागते, त्याहून मोठे मन जगासमोर मोटारीतून उतरावयास लागते.

हे आम्ही आज ठामपणे सांगतो. पण एके काळी आम्हांसच हे कळले नव्हते. ती गोष्ट येथे सांगणे भाग आहे.

पंचवीस वर्षांपूर्वीची हकिगत. एका वाहतूक संस्थेत आमचे काम होते. तेथे आगारात एक फळा लावलेला असे. त्यावर दर महिन्याला हाक्यांची नावे क्रमाने लिहीत: कोणाच्या फेऱ्या जास्त, कोणाची डिझेलची बचत जास्त. पहिल्यास बक्षीस. त्या फळ्यावर सतत पहिला असणारा एक चालक होता; अत्यंत निष्णात आणि तितकाच मानी. एके सकाळी घाटाच्या फेरीची बस त्याने आगारातच दोनदा पुढेमागे घेऊन पाहिली आणि तो खाली उतरला. ब्रेक नीट लागत नव्हता. वरिष्ठ म्हणाले, “काल दुसऱ्याने हीच गाडी नेली. तू काय घाबरलास?” त्याने चावी टेबलावर ठेवली.

आम्ही तेथेच होतो. आम्ही त्यास बाजूस घेतले आणि काय सांगितले? “आजची फेरी मारून ये. तक्रार आपण उद्या लेखी देऊ. उगाच निलंबन ओढवून घेऊ नकोस.” आम्हांस वाटले, की हा व्यवहारी सल्ला आहे. तो आमच्याकडे पाहत म्हणाला, “अण्णा, मला गाडी येते म्हणून मी उतरलो. ज्याला येत नाही तो कधीच निघाला असता.” कर्णाच्या रथावर त्या सकाळी दोन शल्य बसले होते. एक व्यवस्थापनाचा, आणि दुसरे आम्ही.

त्याचे निलंबन झाले. खरी गोष्ट लपवावयाची नाही: फळ्यावरचे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे चालक प्रथम खूश झाले. संध्याकाळी टपरीवर सगळे जमले, तेव्हा आम्ही भाषण केले नाही. त्याने बोलून दाखविलेले वाक्य तेवढे सांगितले आणि आम्ही त्यास दिलेला सल्लाही सांगितला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दुसऱ्या क्रमांकाचा चालक म्हणाला, “काल ती गाडी मीच नेली होती. मलाही ब्रेक हलका लागला. मी बोललो नाही, फेरी बुडाली असती.” दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाने आपापल्या बसचा ब्रेक स्वतः तपासल्याशिवाय एकही बस हलली नाही. चार तास लागले. सात गाड्या दुरुस्तीस गेल्या. निलंबन उठावयास मात्र एकोणीस दिवस लागले, आणि तेवढे दिवस त्याच्या घरचा किराणा फळ्यावरच्या त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी भरला. पुढे फळ्यावर तो पुन्हा पहिला आला, आणि दुसरा पुन्हा त्याच्याशी ईर्ष्येने झुंजू लागला. ईर्ष्या गेली नाही, जाऊही नये. तिला वेसण आली एवढेच.

या प्रसंगानंतर काही वर्षांनी वाचनालयात आम्ही दक्षिण आफ्रिकेतील कायालामीची हकिगत वाचली आणि आनंदाने टेबलावर हात आपटला, ग्रंथपालबाई रागावल्या. जानेवारी १९८२ मध्ये तेथील शर्यतीपूर्वी हाक्यांसमोर परवान्याचा नवा करार आला. त्यातील कलमे त्यांस एकेका संघमालकाशी बांधून टाकणारी होती. लाउडा आणि दिदिए पिरोनी यांनी पुढाकार घेतला. बहुतेक सारे हाक्ये एका बसमध्ये बसून जोहान्सबर्गच्या एका हॉटेलात गेले आणि एकाच दालनात जमिनीवर गाद्या टाकून त्यांनी रात्र काढली. कोणी फुटू नये म्हणून सर्वांनी एकत्र राहावयाचे, ही युक्ती कोणत्याही संपवाल्यास ओळखीची वाटेल! त्या दालनात पियानो होता. जिल व्हिलनव आणि एलिओ द आंजेलिस यांनी तो वाजवून मंडळींची करमणूक केली. एक जण फुटून गेला, तेही ओळखीचेच. करारावर तडजोडीचे आश्वासन मिळाले, २३ जानेवारीस शर्यत झाली, आणि रात्री शेजारी-शेजारी झोपलेले ते लोक धावपट्टीवर एकमेकांस इंचभरही जागा द्यावयास तयार नव्हते. पुढे त्यांस दंडही झाले. दंड भरावा लागणे ही संपाची पावतीच समजावी.

ती संघटना पुढे मोडली. मोडलेल्या संघटनेची आठवण माणसास कधी होते? १ मे १९९४. आपला कामगार दिन, आपला महाराष्ट्र दिन. इटलीतील इमोला येथे शर्यत होती. आदल्याच दिवशी सरावात रोलांड रात्झेनबर्गर हा ऑस्ट्रियन हाक्या मरण पावला होता. त्या सकाळी ब्राझीलच्या आयर्टन सेनाने, ज्याच्याइतका निष्ठुर प्रतिस्पर्धी त्या काळी दुसरा नव्हता, सोबत्यांशी हाक्यांची संघटना पुन्हा उभी करण्याचे बोलणे केले. दुपारी तो शर्यतीत गेला. त्याच्या मोटारीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला; जिंकल्यावर तो रात्झेनबर्गरसाठी फडकवावयाचा होता. त्याच महिन्यात मोनॅको येथे संघटना पुन्हा स्थापन झाली. सेना तेथे नव्हता.

श्रोतेहो, शेवटी आपल्या धरणाशी येऊ. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी येथे स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठरलेल्या मर्यादेवर चढले की दरवाजे आपोआप उघडत. पाण्याची ताकद मान्य करून, मोजून, तिला वाट ठेवणारा असा तो आत्मविश्वास होता. आणि १२ जुलै १९६१ रोजी येथेच दुसरा प्रकार दिसला. वर पानशेतचे मातीचे धरण काम अपुरे असताना पावसाळ्याच्या पाण्याने भरले. जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचल्या, तरी ते फुटले. त्या लोंढ्याने हे दगडी धरणही फुटले आणि पुणे वाहून गेले. आमचे वडील तेव्हा तरुण होते. ते म्हणत, की त्या दिवसानंतर कोणी ‘काही होत नाही’ असे म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो. त्या रात्री गोण्या रचणारे हात थोडे नव्हते; परंतु ‘अजून पाणी साठवू नका’ हे शब्द वेळेवर आणि एकमुखाने उच्चारले गेले नाहीत.

म्हणून आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच. स्पर्धा वाईट नाही; बैलासही पळावयास आवडते. जो आपली गाडी, आपला रस्ता आणि आपली मर्यादा ओळखतो, आणि ज्याच्या शेजारी शल्य नसून हिल उभा आहे, त्याच्याच वेगास आम्ही आत्मविश्वास म्हणू. शेजारी कोण उभा राहील हे नशिबावर सोडावयाचे नसते. ते बांधावे लागते, आणि त्या बांधणीसच आम्ही संघटना म्हणतो. विषय आमचा का, याचे उत्तर हे.

येत्या रविवारी आम्ही पुन्हा चौपाटीवर जाणार आहोत. तो मुलगा भेटला तर त्यास उपदेश करणार नाही. कणीस देऊ, आणि त्याच्या मित्रांस एवढेच विचारू, की याच्या गाडीचा ब्रेक तुमच्यापैकी कोणी कधी तपासला आहे काय?